पायथॉन आणि जुनं ओपनजीएल: देवनागरी आकड्यांचं घड्याळ बनवताना

महाराष्ट्रात ज्यांनी इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर ग्राफिक्सची प्रॅक्टिकल्स केली आहेत, त्यांना निळ्या पडद्याचा टर्बो सी वेगळा सांगायला नको. आधी डॉसबॉक्स उघडायचं, मग फोल्डर माउंट करायचं, मग इनिट-ग्राफला बीजीआय फोल्डरचा पाथ द्यायचा. त्यात एक स्लॅश चुकला की 'ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड' एवढं एक वाक्य येतं आणि पुढचा अर्धा तास ती एक रेष काढायच्या आधीच संपतो. माझी भाची गेल्या वर्षी हेच करत बसली होती. तिला म्हटलं, लायब्ररी जुनी असली तरी चालेल, पण भाषा तरी हाताशी असलेली घे.

त्यातून हे घड्याळ निघालं. पायथॉन, त्यावर पायओपनजीएल (ओपनजीएल ही चित्र काढायची लायब्ररी पायथॉनला जोडणारं पॅकेज) आणि खिडकी उघडायला ग्लट. डायलवर १ ते १२ देवनागरीत आणि खाली वाराचं नाव. दोन संध्याकाळींचं काम आहे. त्यातली निम्मी वेळ कुठे जाते हे माहीत असेल तर एका संध्याकाळीत होईल, म्हणून अडलो त्या जागा जरा सविस्तर लिहितो.

जुनंच का?

ओपनजीएलची पहिली आवृत्ती सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ साली आणली. त्या वेळची पद्धत अशी: 'सुरू' म्हणा, एकेक बिंदू सांगा, 'संपलं' म्हणा. २००८ च्या ३.० आवृत्तीत ही पद्धत कालबाह्य ठरवली गेली आणि २००९ च्या ३.१ मध्ये मूळ गाभ्यातून काढली. तरी विंडोज आणि लिनक्सवरचे बहुतेक ड्रायव्हर 'कंपॅटिबिलिटी'च्या नावाखाली ती अजून चालवतात. ॲपलने २०१८ मध्ये मोजावे आवृत्तीपासून अख्ख्या ओपनजीएललाच कालबाह्य म्हटलं, पण जुनी २.१ पातळी मॅकवर चालते.

नव्या पद्धतीत एक त्रिकोण काढायचा तर आधी बफर (बिंदू ठेवायची जागा), मग दोन शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम), ते कंपाइल करायचे, जोडायचे, आणि हे सगळं जमलं तरच काहीतरी दिसतं. नाही जमलं तर काळी खिडकी, आणि चूक नेमकी कुठे ते कळायला मार्ग नाही. जुन्या पद्धतीत एक ओळ लिहिली की एक गोष्ट दिसते. नोकरीत गेम इंजिनवर काम करायचं असेल तर नवी पद्धत शिकावीच लागेल, त्यात वाद नाही. पण अक्ष, कोन, रूपांतरं, बफर या गोष्टी पहिल्यांदा हाताखालून जाताना मला जुनी पद्धतच बरी वाटते. पायथॉनमुळे कंपाइलची पायरीही जाते. आकडा बदला, पुन्हा चालवा, बघा.

नावं कशी वाचायची

फंक्शनची नावं इथे फोनवर सांगावीत तशी, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. 'जीएल-' आणि 'ग्लट-' हे सुरुवातीचे तुकडे लहान अक्षरांत. हायफननंतरचा प्रत्येक शब्द कॅपिटल अक्षराने सुरू. शेवटी येणारं 'एफ' किंवा 'आय' हे एकटं अक्षर मात्र लहानच. हायफन स्वतः टाइप करायचा नाही. म्हणजे 'ग्लट-क्रिएट-विंडो' हा एकच सलग शब्द. ज्यांना मी 'स्थिरांक' म्हणेन ते पूर्ण कॅपिटलमध्ये, हायफनच्या जागी अंडरस्कोर, आणि सुरुवातीला 'जीएल' किंवा 'ग्लट' व अंडरस्कोर लावून.

चलांची नावं मात्र मी खरोखर देवनागरीत ठेवली आहेत, कारण पायथॉन ३ मध्ये ती चालतात. 'तास', 'मिनिट', 'कोन' अशी नावं दिली तर इंटरप्रिटर काही कुरकुरत नाही. कोडमधले आकडे तेवढे इंग्रजी लागतात. गंमत म्हणजे 'इंट' फंक्शनला अवतरणात '१२' दिलं तर ते मुकाट बारा परत देतं. पण अवतरणाबाहेर १२ लिहिलं की सिंटॅक्स एरर.

पहिली पायरी: बसवणं

पिपने (पायथॉनची पॅकेजं बसवणारं साधन) चार गोष्टी घ्या: पायओपनजीएल, पिलो (चित्रांसाठी), नमपाय (आकड्यांच्या ॲरेसाठी), आणि हवं असेल तर पायओपनजीएल-ॲक्सिलरेट. शेवटची गोष्ट वेगासाठी आहे. ती बसताना त्रास देत असेल तर सोडून द्या, घड्याळाला तिची गरज नाही.

खरी मेख ग्लटमध्ये आहे. मूळ ग्लट मार्क किलगार्ड यांनी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना लिहिलं. त्याची शेवटची आवृत्ती ३.७, १९९८ ची. परवान्यामुळे इतरांना ते बदलून वाटता येईना, म्हणून पावेल ओल्श्ता यांनी १९९९ मध्ये फ्रीग्लट सुरू केलं. आज आपण वापरतो ते हेच. पायओपनजीएल हा फक्त दुभाष्या आहे. फ्रीग्लटची लायब्ररी मशीनवर नसेल तर इम्पोर्ट बिनबोभाट होतं आणि ग्लट-इनिट बोलावल्यावर 'अटेम्प्ट टू कॉल ॲन अनडिफाइन्ड फंक्शन' असा निरोप येतो. हा निरोप वाचून लोक स्पेलिंग तपासत बसतात. स्पेलिंग बरोबर असतं, डीएलएल, म्हणजे लायब्ररीची विंडोजवरची फाइल, नसते.

उबुंटूवर फ्रीग्लट३-डेव्ह हे पॅकेज ॲप्टने घेतलं की झालं. मॅकवर ग्लट सिस्टिमबरोबरच येतं. विंडोजवर पायओपनजीएल जिथे बसलं आहे त्या फोल्डरमध्ये 'डीएलएलएस' नावाचं उपफोल्डर बघा. तिथे फ्रीग्लटची फाइल नसेल तर मिळवून ठेवावी लागेल. दोन गोष्टी जुळायला हव्यात. पायथॉन ६४-बिट असेल तर डीएलएलही ६४-बिट. आणि फाइलीचं नाव पायओपनजीएल जे शोधतं तेच. ते 'प्लॅटफॉर्म' फोल्डरमधल्या 'विन३२' या पायथॉन फाइलीत उघड लिहिलेलं आहे. ती फाइल वाचायला पाच मिनिटं लागतात आणि इंटरनेटवरचे वीस उलटसुलट सल्ले वाचायचे वाचतात.

लिनक्सवर वेलँड (पडदा आणि खिडक्या सांभाळणारी यंत्रणा) सत्र असेल तर आणखी एक गाठ पडू शकते: पायओपनजीएल ईजीएल धरून बसतं, फ्रीग्लट जीएलएक्सवर चालतं (ओपनजीएलला खिडकीशी जोडायचे हे दोन वेगळे मार्ग), आणि 'नो व्हॅलिड कॉन्टेक्स्ट'ची तक्रार येते. अशा वेळी पायओपनजीएल-प्लॅटफॉर्म या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 'जीएलएक्स' ठेवून प्रोग्रॅम चालवायचा.

दुसरी पायरी: रिकामी खिडकी

ओपनजीएल पॅकेजमधून जीएल आणि ग्लट दोन्ही इम्पोर्ट करा. मग याच क्रमाने:

ग्लट-इनिट ()
ग्लट-इनिट-डिस्प्ले-मोड (डबल आणि आरजीबी हे स्थिरांक, मध्ये उभी रेघ)
ग्लट-इनिट-विंडो-साइझ (६००, ६००)
ग्लट-क्रिएट-विंडो (शीर्षक)
ग्लट-डिस्प्ले-फंक (चित्र)
ग्लट-मेन-लूप ()

शीर्षक साधं स्ट्रिंग दिलं तर 'आर्ग्युमेंट एरर' येऊ शकतो. अवतरणाच्या आधी 'बी' अक्षर लावून ते बाइट्स करा. आतली लायब्ररी सी भाषेतली आहे, तिला युनिकोड स्ट्रिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही. हीच गोष्ट कीबोर्डला: ग्लट-कीबोर्ड-फंक मधून कळ येते ती बाइट्समध्ये. साध्या 'क्यू'शी तुलना केली तर एरर येत नाही, फक्त काहीही होत नाही. मी हे तिसऱ्यांदा विसरलो तेव्हा भाचीने मॉनिटरला चिठ्ठीच लावली: 'बी लावला का?'

'चित्र' या फंक्शनमध्ये सध्या दोनच ओळी: जीएल-क्लिअर (रंगाच्या बफरचा स्थिरांक) आणि ग्लट-स्वॅप-बफर्स. डबल मोड म्हणजे चित्र पडद्यामागे काढायचं आणि पूर्ण झालं की पुढे सरकवायचं, म्हणून लुकलुकत नाही. जुन्या पुस्तकांतल्या प्रोग्रॅममध्ये शेवटी जीएल-फ्लश असतं. ते सिंगल मोडसाठी. डबल मोड ठेवून नुसतं फ्लश केलं तर चित्र मागेच राहतं आणि खिडकी रिकामी दिसते.

हे सगळं टर्मिनलमधून चालवा. नोटबुकमध्ये नको, कारण ग्लट-मेन-लूप एकदा आत गेलं की परतत नाही. बाहेर पडायला फ्रीग्लटमध्ये ग्लट-लीव्ह-मेन-लूप आहे, ते 'क्यू' कळीला बांधा.

तिसरी पायरी: अक्ष

टर्बो सीमध्ये वरचा डावा कोपरा शून्य आणि वाय खाली वाढतो. ओपनजीएलमध्ये वाय वर वाढतो, शाळेच्या आलेखासारखा. हे लक्षात ठेवा, पुढे एकदा महागात पडणार आहे.

घड्याळाला मध्यबिंदू शून्य आणि त्रिज्या एक असा हिशोब सोयीचा. ग्लट-रीशेप-फंक ला एक फंक्शन द्या, त्यात रुंदी आणि उंची येतात. आधी जीएल-व्ह्यूपोर्ट (०, ०, रुंदी, उंची). मग प्रोजेक्शन मॅट्रिक्स (आपले निर्देशांक खिडकीत कसे बसवायचे ते ठरवणारा आकड्यांचा तक्ता) निवडा, जीएल-लोड-आयडेंटिटी करा आणि जीएल-ऑर्थो द्या. खिडकी आडवी असेल तर एक्सची मर्यादा उणे (रुंदी भागिले उंची) पासून अधिक तेवढीच, वायची उणे १ ते १. उभी असेल तर उलट. हे केलं नाही तर खिडकी ताणली की घड्याळाचा अंडाकृती बटाटा होतो. उंची शून्य आली तर भागाकार कोसळेल, म्हणून आधीच 'मॅक्स (उंची, १)' करून घ्या. शेवटी मॉडेलव्ह्यू मॅट्रिक्सवर परत या. लोड-आयडेंटिटी विसरलात तर प्रत्येक वेळी खिडकी ताणताना जुन्या मॅट्रिक्सवर नवी गुणली जाते आणि दोनतीनदा ताणल्यावर घड्याळ कुठेतरी निघून जातं.

चौथी पायरी: डायल आणि काटे

शाळेत कोन एक्स अक्षापासून आणि डावीकडे वळत मोजतात. घड्याळ बारापासून सुरू होतं आणि उजवीकडे वळतं. दोन्ही फरक एकाच युक्तीने मिटतात: साइन आणि कोसाइनची अदलाबदल करायची.

एक्स = त्रिज्या × साइन (कोन)
वाय = त्रिज्या × कोसाइन (कोन)

कोन शून्य असताना बिंदू बरोबर वर, ९० ला उजवीकडे, म्हणजे तीनच्या जागी. पायथॉनच्या मॅथ मॉड्यूलला रेडियन लागतात, जीएल-रोटेट-एफ ला मात्र अंश. या दोघांची सरमिसळ झाली की काटे विचित्र दिशेला जातात आणि एरर कसलाच येत नाही.

साठ खुणांसाठी जीएल-बिगिन (लाइन्स हा स्थिरांक), शून्य ते ५९ चं लूप, प्रत्येकाला ६ अंश, आतला बिंदू आणि बाहेरचा बिंदू असे दोन जीएल-व्हर्टेक्स-२एफ, आणि लूपबाहेर जीएल-एंड. पाचाच्या पटीतली खूण लांब हवी म्हणून आतली त्रिज्या ०.९५ ऐवजी ०.९० घ्या.

पाचाच्या पटीतली खूण जाडही करावीशी वाटते. तशी भाचीलाही वाटली आणि तिने लूपच्या आतच जीएल-लाइन-विड्थ लिहिलं. प्रोग्रॅम पडला, एरर १२८२, 'इनव्हॅलिड ऑपरेशन', आणि ओळ दाखवली जीएल-एंडची. एंडमध्ये काय चूक असणार? चूक तिथे नव्हतीच. बिगिन आणि एंडच्या मध्ये बिंदू, रंग, टेक्स्चरचे निर्देशांक अशा मोजक्याच गोष्टी चालतात, रेषेची जाडी त्यात बसत नाही. आणि त्या दोघांच्या मध्ये एरर विचारणंही ओपनजीएलला मान्य नाही, म्हणून पायओपनजीएल एंड होईपर्यंत गप्प राहतं. एंडवर १२८२ आला की बिगिनपासून खाली प्रत्येक ओळ वाचत या. इलाज म्हणजे दोन लूप: आधी बारीक खुणा, मग जाडी बदलून जाड खुणा.

काट्यांचं गणित असं:

सेकंद_कोन = सेकंद × ६
मिनिट_कोन = मिनिट × ६ + सेकंद × ०.१
तास_कोन = (तास % १२) × ३० + मिनिट × ०.५

शेवटचा ०.५ सोडला तर साडेतीनला तासकाटा तीनवरच ठाम उभा राहतो. भिंतीवरचं घड्याळ पाहून वाढलेल्या माणसाला ते लगेच खटकतं, पण नेमकं काय खटकतंय ते पटकन सांगता येत नाही.

पाचवी पायरी: चालू करणं

ग्लट-टायमर-फंक (२००, टिक, ०). पहिला आकडा मिलिसेकंद, तिसरा तुमच्या फंक्शनला मिळणारा आकडा. तो वापरायचा नसला तरी 'टिक'ला एक आर्ग्युमेंट घ्यावंच लागतं. हा टायमर एकदाच वाजतो, गजराच्या घड्याळासारखा, म्हणून 'टिक'च्या आत तो पुन्हा लावायचा. आणि आत 'चित्र' थेट बोलवायचं नाही. ग्लट-पोस्ट-रीडिस्प्ले एवढंच म्हणायचं, कधी काढायचं ते ग्लट ठरवेल.

१००० का नाही? टायमर अचूक नसतो, प्रत्येक वेळी थोडा उशिरा वाजतो. उशीर साठत गेला की सेकंदकाटा अधूनमधून एक घर गाळून उडी मारतो. २०० ठेवलं आणि वेळ दर वेळी डेटटाइममधून ताजी घेतली की ही उडी दिसत नाही. मोजत बसायचं नाही, प्रत्येक वेळी विचारायचं.

सहावी पायरी: देवनागरी आकडे

ग्लटमध्ये ग्लट-बिटमॅप-कॅरेक्टर आहे, हेल्व्हेटिका आणि टाइम्स रोमन मिळतात. ते इंग्रजी अक्षरांपुरतं. १९९० च्या दशकातल्या लायब्ररीत देवनागरी नाही, आणि कुठला स्थिरांक बदलून ती येणारही नाही. मार्ग असा: पिलोने आकड्याचं चित्र काढायचं आणि ते टेक्स्चर म्हणून चौकोनावर चिकटवायचं.

नोटो सॅन्स देवनागरीची फाइल उतरवून प्रोग्रॅमशेजारी ठेवा. सिस्टिमच्या फॉन्टवर विसंबलात तर दुसऱ्या मशीनवर अडाल. प्रत्येक आकड्यासाठी 'एल' मोडचं, म्हणजे नुसत्या करड्या छटांचं, १२८ बाय १२८ चं काळं चित्र घ्या. मधोमध २५५ छटेत आकडा लिहा, अँकर 'एमएम' दिला की तो मध्यावर बसतो. मग टू-बाइट्स.

१२८ च का? ओपनजीएल २.० च्या आधी टेक्स्चरची बाजू दोनाच्या घातात असावीच लागे. आज तशी सक्ती नाही, पण १२८ चा दुसराही फायदा आहे. ओपनजीएल समजतं की प्रत्येक ओळ चार बाइटच्या हद्दीवर सुरू होते. ३७ पिक्सेल रुंदीचं चित्र दिलंत तर प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाते आणि अक्षर वाऱ्याने तिरपं झाल्यासारखं दिसतं. असं दिसलं की जीएल-पिक्सेल-स्टोअर-आय मध्ये अनपॅक-अलाइनमेंट १ करा.

आता टेक्स्चर. खिडकी तयार झाल्यानंतरच हे करायचं, त्याआधी ओपनजीएलचा कॉन्टेक्स्टच, म्हणजे त्याची सगळी अवस्था ठेवायची जागाच, नसते. जीएल-जेन-टेक्स्चर्स, जीएल-बाइंड-टेक्स्चर, मग जीएल-टेक्स-इमेज-२डी. आतलं आणि बाहेरचं दोन्ही स्वरूप 'अल्फा' द्या. ही जुन्या लायब्ररीतली माझी आवडती सोय आहे: चित्रातून फक्त पारदर्शकता येते आणि रंग जीएल-कलर-३एफ मधून. एकच टेक्स्चर लाल, पिवळं, हवं तसं रंगवता येतं. ब्लेंड (नवा रंग मागच्या रंगात मिसळणं) चालू करा आणि ब्लेंड-फंकला 'सोर्स-अल्फा' आणि 'वन-मायनस-सोर्स-अल्फा' द्या.

इथे आमच्या पहिल्या संध्याकाळीचे दोन तास गेले. आधी आकड्यांच्या जागी बारा पांढरे चौकोन आले. कारण मिन-फिल्टर: ओपनजीएल मुळात गृहीत धरतं की तुम्ही टेक्स्चरच्या लहान लहान प्रती, म्हणजे मिपमॅप, दिल्या आहेत. त्या नसल्या की टेक्स्चर अपुरं ठरतं आणि ते नसल्यासारखंच चित्र काढलं जातं, एररशिवाय. जीएल-टेक्स-पॅरामीटर-आय ने मिन-फिल्टर 'लिनिअर' केला आणि आकडे उमटले.

"मामा, सगळे आकडे उलटे आलेत."

खरंच, बाराही आकडे डोक्यावर उभे. पिलोचं शून्य वरच्या कोपऱ्यात, ओपनजीएलचं खालच्या. पिलोच्या चित्राला 'फ्लिप-टॉप-बॉटम' लावलं की सरळ होतात. आकडे तरी नशीब. ० असता तर कळलंच नसतं.

मग आकडे आले आणि काटे गायब झाले. तिने काट्यांचा कोड हातही न लावता तीनदा तपासला. टेक्स्चर एकदा चालू केलं की बंद करेपर्यंत चालूच राहतं, आणि टेक्स्चरचा शेवटचा दिलेला निर्देशांकही तसाच राहतो. आपण शेवटी चौकोनाचा कोपरा दिलेला. कोपऱ्यात चित्र पूर्ण पारदर्शक. म्हणजे काटे निघत होते, पण पारदर्शक रंगात. आकडे झाल्यावर जीएल-डिसेबल (टेक्स्चर-२डी) ही एक ओळ. जुन्या ओपनजीएलचा स्वभाव असा आहे की जे सांगाल ते तो विसरत नाही. स्वयंपाकघरात गॅस बंद केला का हे बघून बाहेर पडतो तसं प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काय चालू ठेवलं ते बघायचं.

वाराचं नाव २५६ बाय ६४ च्या चित्रात काढलं. आकड्यांना जोडणी लागत नाही, पण 'शनिवार'ला लागते. माझ्या मशीनवर ऱ्हस्व वेलांटी न नंतर पडली आणि डायलवर 'शनविार'सारखं काहीतरी उमटलं. पिलोचा साधा लेआउट अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने शेजारी शेजारी ठेवतो. वेलांटी मागे घेणं, जोडाक्षर घडवणं हे राक्म नावाची लायब्ररी करते. पिलोच्या फीचर्स मॉड्यूलमध्ये चेक ('राक्म') विचारा. उत्तर 'फॉल्स' आलं तर बहुतेक वेळा फ्रीबिडी ही लायब्ररी सापडलेली नसते. लिनक्सवर ती पॅकेजमधून येते, विंडोजवर तिची डीएलएल पाथमध्ये ठेवावी लागते.

राक्म चालू झालं की आणखी एक गोष्ट करता येते. टेक्स्ट काढताना भाषा 'एमआर' सांगा. फॉन्टमध्ये मराठी रूपं दिलेली असतील तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. ज्याला फरक दिसत नाही त्याला काही बिघडत नाही. ज्याला दिसतो त्याला हिंदी वळणाचा 'श' मराठी घड्याळावर बघवत नाही. मी दुसऱ्या गटातला.

सातवी पायरी: वेग

घड्याळाला वेगाची चिंता नाही. साठ खुणांचे १२० बिंदू, सेकंदाला पाच वेळा, म्हणजे फंक्शनला ६०० हाका. पण हाच साचा घेऊन एक लाख ठिपक्यांचा ढग ६० फ्रेमने फिरवायला गेलात तर सेकंदाला ६० लाख हाका होतात आणि पायथॉन तिथे बसकण मारतो. कार्ड रिकामं बसलेलं असतं. वेळ जातो तो पायथॉनमधून सीमध्ये प्रत्येक वेळी उंबरा ओलांडण्यात.

पहिला उपाय डिस्प्ले लिस्ट, हाही १९९२ पासूनचा. जीएल-जेन-लिस्ट्स, जीएल-न्यू-लिस्ट, मग नेहमीचा काढायचा कोड, जीएल-एंड-लिस्ट. पुढे प्रत्येक फ्रेमला एकच जीएल-कॉल-लिस्ट. डायल, खुणा, आकडे यांत टाका. काटे टाकू नका: लिस्ट बनवताना जे आकडे होते तेच कायमचे कोरले जातात आणि घड्याळ त्या क्षणाला बंद पडतं.

दुसरा उपाय व्हर्टेक्स ॲरे, ओपनजीएल १.१ पासून. नमपायमध्ये सगळे बिंदू एकदम ठेवा, जीएल-एनेबल-क्लायंट-स्टेट, जीएल-व्हर्टेक्स-पॉइंटर, आणि जीएल-ड्रॉ-ॲरेज या एका हाकेत सगळं. ॲरे बनवताना प्रकार फ्लोट३२ असा स्पष्ट लिहा, नमपाय आपणहून फ्लोट६४ घेतं. पुढे नव्या ओपनजीएलकडे जायचं असेल तर डिस्प्ले लिस्टपेक्षा ही सवय कामी येते.

पायओपनजीएल प्रत्येक हाकेनंतर एरर झाला का ते विचारतं, त्यातही वेळ जातो. जीएल इम्पोर्ट करण्याच्या आधी नुसतं ओपनजीएल इम्पोर्ट करून त्याचं एरर-चेकिंग 'फॉल्स' केलं की ते थांबतं. शिकताना मात्र बंद करू नका. वरचा १२८२ दिसला तो यामुळेच.

आणि तरी सगळंच संथ असेल तर जीएल-गेट-स्ट्रिंग ला 'रेंडरर' विचारा. उत्तरात 'जीडीआय जेनेरिक' किंवा 'एलएलव्हीएम-पाइप' आलं तर ग्राफिक्स कार्ड वापरलंच जात नाहीये, सगळं काम प्रोसेसर करतोय. ड्रायव्हर नसताना किंवा दुसऱ्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने बसल्यावर असं होतं.

जर्नलसाठी फोटो

चित्र फाइलीत हवं असेल तर 'चित्र' फंक्शनमध्ये, स्वॅपच्या आधी, जीएल-रीड-पिक्सेल्स ने आरजीबी बाइट्स घ्या आणि पिलोच्या फ्रॉम-बाइट्सला द्या. घेण्याआधी पॅक-अलाइनमेंट १ करा. या वेळी अनपॅक नाही, पॅक. आणि हो, चित्र पुन्हा उलटं येईल, पुन्हा फ्लिप.

भाचीने पहिला प्रिंट काळ्या पार्श्वभूमीचाच काढला. झेरॉक्सवाल्याने पान हातात धरून विचारलं, अशा किती कॉप्या? बावीस म्हटल्यावर त्याने टोनरकडे बघितलं. घरी येऊन तिने जीएल-क्लिअर-कलर ला चारही आकडे १ दिले आणि काटे व आकडे काळे केले. टेक्स्चर अल्फा असल्याने त्याला जीएल-कलर-३एफ ची एकच ओळ बदलावी लागली.